सोलापुरातल्या बायकांचं काम आणि कमाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी दुपारी अशोक चौकाजवळच्या एका खोलीत आम्ही चार-पाच जणी बसतो. फॉर्म भरून देतो, पासबुकं बघतो, कुणाचा कुठं अर्ज अडकलाय ते शोधतो. येणाऱ्या बहुतेक जणी विडी वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, भाकरी-चटणी विकणाऱ्या. काही तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही मराठी. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. योजनांच्या अटी वर्षागणिक बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या-त्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

सोलापुरात बायकांना कामच मिळत नाही, असं आहे का?

नाही. साखर पेठेत, दत्तनगरात, विडी घरकुलात सकाळी नऊला चक्कर मारा. घरोघरी सुपात तंबाखू, शेजारी कापलेली पानं, आणि बाई विड्या वळतेय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कांड्या भरणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या बायकाच आहेत. गणवेशाच्या कारखान्यांत मशीनवर बायका आहेत. काम भरपूर आहे. नाही ती त्या कामाची नोंद. हजेरीपत्रकावर नाव नाही, पगार खात्यात येत नाही, पीएफ कापला तरी कुठं जमा झाला ते ठाऊक नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हीच गोष्ट फिरून फिरून येईल, कारण आमच्याकडं येणाऱ्या दहापैकी आठ अडचणींचं मूळ तिथंच निघतं.

केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. आकडा चांगला वाटतो. पण या वाढीत मोठा वाटा घरच्या शेतात किंवा दुकानात राबणाऱ्या आणि स्वतःचं काहीतरी छोटं करणाऱ्या बायकांचा आहे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या त्या मानानं फार वाढलेल्या नाहीत.

मी घरी बसून विड्या वळते. मला पीएफ लागू होतो का? कारखानदार म्हणतो, "तू आमची कामगार नाहीस."

लागू होतो. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) कायदा १९७७ पासून लागू आहे. घरी वळणाऱ्या बायका कामगार आहेत की नाहीत, यावर कारखानदार थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९८५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की घरी बसून वळत असली तरी ती कामगारच. पान, तंबाखू, दोरा कारखाना देतो, तयार विडी तपासून घेतो आणि खराब म्हणून छाटतोही, तेव्हा मालक तोच. कुणी असं बोललं तर हे शांतपणे ऐकवा. भांडायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं? तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर मागून घ्या. तो कार्डावर किंवा पावतीवर असतो. नसला तर कारखान्याच्या कारकुनाला लिहून द्यायला सांगा. तो नंबर आधार आणि मोबाइलला जोडला, की किती रक्कम जमा झाली ते फोनवर दिसतं. मोबाइल नंबर मुलाचा देऊ नका, स्वतःचा द्या. मुलगा पुण्याला कामाला गेला, की ओटीपीसाठी दर वेळी त्याच्या मागं लागावं लागतं.

दहा वर्षं सेवा भरली, की ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. फार तुटपुंजी आहे, वाढवा म्हणून मागणी होते, ती रास्तच आहे. पण तेवढ्यासाठीसुद्धा दहा वर्षं नोंदीत दिसावी लागतात. इथंच बायका मागं पडतात. एका कारखान्याचं कार्ड बंद करून दुसऱ्याकडं जाताना पीएफ काढून घेतला, की मागची सेवा पुसली जाते. मुलीच्या लग्नाला पैसे लागतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या आईनंही तेच केलं होतं. नंतर साठीत तिच्या हाती पेन्शनचा कागद आला नाही. म्हणून सांगते, काढण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. सगळं न काढता काही भाग काढता येतो का, ते बघू.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. इयत्तेप्रमाणं १,००० ते २५,००० रुपये मिळतात. तिलाही विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. ज्या बायका नणंदेच्या किंवा जावेच्या कार्डावर माल नेतात, त्यांच्या मुलांना यातलं काहीच मिळत नाही. एका कार्डावर दोघी-तिघींनी वळायची रीत घरोघरी आहे. त्यात एकीची नोंद होते आणि बाकीच्यांची वर्षं हवेत जातात.

आधारवर एक नाव आणि कार्डावर दुसरं. काय करू?

ही सोलापूरची खास अडचण. लग्नात नाव बदललेलं, कार्डावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत आडनाव आधी, रेशनकार्डावर नुसतं "बाई". तेलुगू घरात आडनावाचं पहिलं अक्षरच लिहायची पद्धत, तिथं तर गोंधळ जास्तच. नाव जुळलं नाही, की पीएफचा दावा परत येतो.

आधी आधार नीट करा, मग बाकीचे कागद त्याप्रमाणं बदला. उलट क्रमानं गेलात तर दोनदा फिरावं लागेल. पीएफमधल्या नावाच्या दुरुस्तीला, विशेषतः जुन्या खात्यांना, अजूनही मालकाची सही लागू शकते, म्हणून कारखाना चालू आहे तोवरच करून घ्या. बंद पडलेल्या कारखान्याची सही मिळवायला आम्ही एका मावशींसोबत अकरा महिने फिरलो आहोत.

वय ४५ झालं. पाठ धरते, खोकला जात नाही. विडी सोडून दुसरं काय जमेल?

पहिली गोष्ट, ती पाठ आणि तो खोकला तुमच्या कामातूनच आलाय. आठ-दहा तास मांडी घालून, वाकून, तंबाखूच्या धुळीत बसल्यावर हजारभर विड्या होतात. आधी डॉक्टरला दाखवा, आणि दाखवताना विडी वळते हे सांगा. बायका सांगतच नाहीत.

दुसऱ्या कामाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, एका दिवसात विडी सोडू नका. हातातली रोजची कमाई थांबवून शिकायला जा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या घरात दुसरी कमाई असते. निम्मी विडी चालू ठेवून निम्मा वेळ नव्या कामाला द्या. चाळिशी उलटलेल्या आमच्या बायकांना जमलेली कामं म्हणजे पोळी-भाकरी केंद्र, टॉवेलची शिलाई नि घडी, शाळेच्या पोषण आहाराचा स्वयंपाक, रुग्णसेवा. बोटं चपळ असतात. विडी वळलेला हात शिलाईत लवकर बसतो, हे गारमेंटवाले स्वतः सांगतात.

मशीन शिकले, प्रमाणपत्रही मिळालं. नोकरी का लागत नाही?

कारण तीन महिन्यांच्या बहुतेक वर्गांत ब्लाउज आणि परकर शिकवतात. कारखान्यात एक बाई फक्त कॉलर लावते, दुसरी फक्त बाही जोडते, आणि तेही मोठ्या वेगाच्या मशीनवर. घरच्या पायडलच्या मशीनवर शिकलेली बाई पहिल्याच दिवशी घाबरते. शिकायला जाण्याआधी विचारा, मशीन कुठलं आहे आणि शेवटचा महिना कारखान्यात काढता येईल का? विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमधले शिलाईचे, कापडाचे अभ्यासक्रम बघा. लीड बँकेची, म्हणजे जिल्ह्यातल्या अग्रणी बँकेची, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत शिकवते आणि तिथं राहण्या-जेवण्याची सोयही असते.

घरीच शिवायचं असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम बसतं. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एकालाच मिळते. तेव्हा नवऱ्यानं आधीच अर्ज केलाय का, ते विचारून घ्या.

नोकरी लागली तर लाडकी बहीणचे पैसे बंद होतील का?

नुसती नोकरी लागली म्हणून बंद होत नाहीत. अट आहे ती कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची, २.५ लाख रुपयांची. शिवाय घरात कुणी आयकर भरणारं नसावं, सरकारी कायम नोकरीत नसावं, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नसावी. या भीतीनं बायका हजेरीपत्रकावर नाव घालू देत नाहीत, रोखच द्या म्हणतात. मालकाला ते सोयीचंच असतं. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. ते जपण्यासाठी पीएफ, विमा, बाळंतपणाची रजा सगळं सोडून द्यायचं, हा हिशोब तोट्याचा आहे.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकायची आहे. कुठून सुरू करू?

किमतीपासून. पॅकिट आणि नाव नंतर बघू. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक जणी स्वतःची मजुरी धरतच नाहीत.

हिशोब करून बघू. समजा दहा किलो चटणीला शेंगदाणे १,४०० रुपयांचे, तिखट-लसूण-जिरं-मीठ ३५० चं, गॅस आणि पिशव्या २५० च्या. झाले २,०००. तुम्ही किलोला २६० भाव लावला, ६०० रुपये सुटले म्हणून खूश झालात. पण कुटायला तुम्ही आणि जाऊबाई दिवसभर होतात. दोघींची मजुरी ४०० प्रमाणं ८०० धरा. खर्च २,८०० झाला. म्हणजे दिवसभर राबून २०० रुपये पदरचे घातले. आपल्या हाताला किंमत नाही असं आपणच ठरवल्यावर दुकानदार कशाला देईल?

मग कागद. अन्न सुरक्षेची मूलभूत नोंदणी लागते, सरकारी फी वर्षाला १०० रुपये आहे. छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, पूर्ण मोफत आहे, त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे एजंट नवी पेठेत आणि फोनवरही भेटतील, त्यांना देऊ नका. मोठं करायचं झालं तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे, आणि बचत गटाच्या सभासदाला बीजभांडवल म्हणून ४०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, प्रवासाला चालते. हा माल पुण्या-मुंबईला जाणारा आहे. गल्लीतच विकत बसलात तर शेजारणीशी भावाची स्पर्धा लागते.

पाच-सहा जणी मिळून एकच नाव, एकच चव आणि एकच भाव ठेवा, असा माझा आग्रह असतो. चवीवरून भांडणं होतात. चटणी कुटलेली हवी की मिक्सरची, लसूण किती, यावर एका गटाच्या तीन बैठका गेल्या. त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही. नंतर त्यांच्या मालाची तक्रार आली नाही.

बँकेत गेले तर म्हणाले, नवऱ्याची सही आणा, घर तारण ठेवा.

माझ्यावरही ही वेळ आली आहे, म्हणून राग समजतो. छोट्या उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा कर्ज त्यातच येतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, तरुणमध्ये १० लाखांपर्यंत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि नाकारला तर कारण लिहून मागा. "लिहून द्या" म्हटल्यावर निम्म्या ठिकाणी बोलण्याचा सूर बदलतो.

यंत्र घेऊन कारखाना टाकायचा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. बाईला स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात, अनुदान शहरात २५ टक्के आणि गावात ३५ टक्के. हे अनुदान हातात पडत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. त्यावर डोळा ठेवून कर्ज काढलेल्यांची फार ओढाताण होते.

नवऱ्याचा धंदा माझ्या नावावर केला, तर चालेल का?

कर्ज तुमच्या नावावर, हप्ता थकला तर पत तुमची बिघडणार, आणि गल्ल्याची किल्ली त्यांच्याकडं. खात्याचे व्यवहार तुम्ही बघणार असाल, चेकवर स्वतः समजून सही करणार असाल तर जरूर करा. नाहीतर नको म्हणा. हे म्हणणं अवघड आहे, ते मला मान्य आहे.

फायनान्सवाले रात्री दारात येऊन बसतात. बचत गट आणि हे फायनान्स एकच ना?

अजिबात नाही, आणि ही गल्लत फार महागात पडते. बचत गट म्हणजे तुम्ही दहा ते वीस जणी. तुमचीच बचत, तुमचंच वहीखातं, व्याज तुमच्याच गटात राहतं. गावात उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), शहरात नि गावातही माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) अशा गटांना उभं करतात. माविम तर १९७५ पासून आहे. फायनान्स कंपनी पाच-दहा जणींना एकत्र बसवते, त्यालाही गट म्हणते, पण तिथं तुमची बचत नसते. एकमेकींची हमी तेवढी असते. एकीचा हप्ता चुकला, की बाकीच्या तिच्या दारात जातात. कितीतरी मैत्रिणी यात तुटल्या.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम माहीत असू द्या. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी यायचं नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं चालत नाही. वसुली ठरलेल्या जागीच व्हावी. लागोपाठ दोनदा तुम्ही तिथं गेला नाहीत तरच घरी येता येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, म्हणजे तेवढं आधीच असेल तर नवीन कर्ज द्यायलाच नको होतं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड मिळालंच पाहिजे आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं.

एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून घेतलं असेल तर तिसरीकडं जाण्याआधी आमच्याकडं या. लाजू नका, अक्का. या खोलीत बसणाऱ्या आम्हा पाचांतल्या दोघी त्यातून गेल्या आहेत.

लहान मूल आहे. कामावर कशी जाऊ?

५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय मालकानं करायची असते. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं हवं. सोलापूरचे बरेच कारखाने छोटे, ५० च्या आतले. त्यामुळं पाळणाघराचा कायदा आपल्या बहुतेक बायकांपर्यंत पोचत नाही. नीलम नगरात चार जणींनी मिळून एका आजींना महिन्याचे पैसे ठरवून मुलं सांभाळायला दिली. आजींचीही कमाई झाली. तूर्त तरी असलीच सोय हाताशी आहे.

मी गारमेंट युनिट चालवतो. बायका शिकतात आणि चार महिन्यांत सोडून जातात. काय चुकतं?

तुम्ही विचारलंत, याचंच आम्हाला बरं वाटलं. आधी पाण्याचा दिवस बघा. आपल्याकडं नळाला काही दिवसांच्या आड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई भरल्याशिवाय हलू शकत नाही. तुम्ही त्या दिवशी खाडा धरता, हजेरी बोनस कापता. ज्या मालकानं भागवार पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि त्या दिवशी दोन तास उशिरा यायची मुभा दिली, त्याच्याकडं बायका टिकल्या. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

मग संडास. स्वच्छ, आतून कडी लागणारा, पाणी असलेला. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडून सुट्ट्या घेतात. मग जाणं-येणं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, तिथंच पुढं कामगारांसाठीच रे नगर ही वसाहत उभी राहिली. एवढ्या बायका शहराच्या बाहेर राहायला गेल्या, पण शेअर रिक्षाला रोजचे पैसे मोजून मजुरीत उरतं काय? चार युनिटवाल्यांनी मिळून एक गाडी लावली तर परवडते. आणि पगार खात्यात द्या. बाईच्या खात्यात, नवऱ्याच्या नव्हे.

गावाहून रोज शहरात कामाला यायचं म्हणजे भाड्यातच पैसे जातात.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मोहोळ, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या मुली त्यामुळं कामाला येऊ लागल्या. महिन्याचं गणित मांडून बघा, बसतंय.

सुपरवायझर वाईट बोलतो, अंगचटीला येतो. तक्रार केली तर काम जाईल.

दहा किंवा जास्त लोक असतील तिथं अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, किंवा मालकच त्रास देत असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. तारीख, वेळ, कोण जवळ होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा किंवा फोनवर बोलून ठेवा. एकटीनं जाऊ नका, आमच्यातली कुणीतरी सोबत येईल.

शेतात मी राबते, पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं. फरक काय पडतो?

फार पडतो. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं नाव देशभर आहे, पण ती खुरपणारी आणि काढणारी बाई सरकारी कागदावर शेतकरी नसते. पीककर्ज, विमा, बहुतेक अनुदानं सातबाऱ्याला चिकटलेली. नवऱ्यानं लक्ष्मी मुक्ती योजनेखाली अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. तलाठ्याकडं विचारा. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. हक्कसोडीच्या कागदावर भाऊबीजेच्या दिवशी घाईघाईनं अंगठा देऊ नका. वाचून घ्या, मग काय द्यायचं ते द्या.

मुलगी बारावी झाली. पुढं शिकवू की कामाला लावू?

शिकवा. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के जागा राखीव आहेत. मुलीला सुपासमोर बसवलं तर आठवड्याला थोडे पैसे येतात हे खरं, पण ते तिच्या पुढच्या चाळीस वर्षांतून वजा होतात.

शनिवारी येताना काय आणू?

आधार, बँकेचं पासबुक, विडी कार्ड किंवा कामाची कुठलीही पावती, रेशनकार्ड, आणि स्वतःचा मोबाइल. चालू फोन आणा, रिचार्ज असलेला. कागद नसतील तरी या. पावत्या डब्यात, धान्याच्या कोठीत, देवाच्या फोटोमागं ठेवलेल्या असतात, त्या सगळ्या पिशवीत घालून आणा, आम्ही बसून लावून देऊ. दुपारी दोन ते सहा. ज्यांच्या भागात शनिवारी पाणी येतं, त्यांनी चारनंतर आलं तरी चालेल.